गोळीमागचा नंबर आणि न आलेला फोन

क्षयरोगाच्या गोळ्यांची स्ट्रिप एका जाड कागदी पाकिटात बसवलेली असते. रोजची गोळी दाबून बाहेर काढली की मागचा कागद फाटतो आणि तिथे लपवलेला एक फोन नंबर उघडा पडतो. गोळी गिळायची आणि त्या नंबरवर फोन लावायचा. कॉल टोल-फ्री, म्हणजे खिशाला काही लागत नाही. उद्या कोणता नंबर निघेल हे आज कळत नाही, त्यामुळे ज्याने फोन केला त्याने निदान गोळी पाकिटातून काढली, एवढं पलीकडच्या यंत्रणेला समजतं. फोन कोणाचा, हे आलेल्या क्रमांकावरून ओळखलं जातं. कॅलेंडरवर त्या दिवसाचा चौकोन हिरवा होतो. फोन आलाच नाही तर तो लाल राहतो.

या पद्धतीचं नाव ९९डॉट्स. ती भारतातच घडली. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये बिल थीस आणि अँड्र्यू क्रॉस यांनी ती आकाराला आणली आणि पुढे एव्हरवेल हेल्थ सोल्युशन्स या संस्थेने ती चालवली. आरोग्याच्या कामातला मोबाइल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घड्याळं, सेन्सर आणि महागडी ॲप्स येतात. इथे साधा बटनांचा फोन पुरतो. म्हणूनच मोबाइलवर आधारलेल्या संशोधनाकडे रुग्ण कसं पाहतात याचा अभ्यास करायचा तर मला हेच प्रकरण सगळ्यात बोलकं वाटतं. स्मार्टफोन असलेल्या, इंग्रजी वाचणाऱ्या, स्वतःहून नाव नोंदवणाऱ्या लोकांची मतं गोळा करणं सोपं असतं. मुंबई-चेन्नईच्या एआरटी सेंटरबाहेर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राबाहेर, रांगेत उभ्या असलेल्या माणसाला फोनबद्दल काय वाटतं, ते समजून घेणं अवघड आहे आणि जास्त गरजेचंही.

आधीची गोष्ट

भारतात सुधारित क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम १९९७ साली सुरू झाला आणि २००६च्या मार्चपर्यंत देशभर पोचला. त्याचा कणा होता डॉट्स, म्हणजे समोर बसवून औषध देणं. रुग्णाने आठवड्यातून तीन वेळा केंद्रावर यायचं आणि कोणाच्या तरी डोळ्यांदेखत गोळ्या घ्यायच्या. कागदावर हे चांगलं दिसतं. पण हातावर पोट असलेल्या माणसासाठी केंद्राच्या वेळेत तिथे पोचणं म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी सोडणं. ज्या बाईने सासरी आजार लपवला आहे, तिला आठवड्यातून तीन वेळा बाहेर जायला तीन कारणं शोधावी लागतात.

पुढे औषध रोज द्यायचं ठरलं. एचआयव्ही आणि टीबी दोन्ही असलेल्या रुग्णांसाठी ते आधी, २०१६-१७च्या सुमारास, एआरटी सेंटरमधून सुरू झालं. २०१७च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सगळ्याच रुग्णांना रोजचा डोस नऊ महिन्यांच्या आत सुरू करायला सांगितलं. आता आठवड्यातून तीनदा बोलावणंच लोकांना जड जात होतं, तिथे रोज कोण बोलावणार? गोळ्या घरी द्याव्या लागणार होत्या, आणि घरी दिल्या की त्या घेतल्या जातात की नाही, ही शंका येणारच. ९९डॉट्स या फटीत बसलं. नावातला ९९ हा आकडा तेच सांगतो: समोर बसवून औषध देण्याचा ९९ टक्के फायदा, अगदी थोड्या खर्चात.

ही शंका मात्र नवी नाही. १९५६ साली मद्रासमध्ये वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रसिद्ध अभ्यास सुरू केला. सॅनेटोरियममध्ये ठेवलेला रुग्ण आणि आपल्या झोपडीत राहून औषध घेणारा रुग्ण, यांच्यात फरक पडतो का, हे त्यांना पाहायचं होतं. फारसा पडत नाही असं निघालं, आणि जगभरच्या सॅनेटोरियमचे दिवस तिथून फिरले. त्या अभ्यासातही घरी न सांगता जाऊन गोळ्या मोजल्या जात, लघवी तपासली जात. साठेक वर्षांनी चेन्नईत, त्याच संस्थेच्या आजच्या रूपात म्हणजे राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेत, ९९डॉट्सची परीक्षा घ्यायची वेळ आली तेव्हा संशोधकांना पुन्हा त्याच बाटलीकडे वळावं लागलं. मधल्या काळात खिशात फोन आला होता, पण माणसाने गोळी गिळली की नाही याची खात्री करायला अजून लघवीच लागत होती.

दारावर आलेली बाटली

बीना थॉमस, रामनाथ सुब्बरामन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईतल्या ५९७ रुग्णांच्या घरी संशोधकांची माणसं न कळवता गेली, लघवीचा नमुना घेतला आणि त्यात आयसोनायाझिड या औषधाचा अंश आहे का ते पाहिलं. रंग बदलला की गेल्या एक-दोन दिवसांत गोळी पोटात गेली आहे असं समजायचं. मग तो निकाल ९९डॉट्सच्या हिरव्या-लाल चौकोनांशी ताडून पाहिला.

निष्कर्ष असा, की रुग्ण औषध घेतो की नाही हे सांगण्यात ९९डॉट्सची अचूकता अपुरी पडली.

इथे घाईने पुढे जाऊ नये. चूक दोन प्रकारची असू शकते. एक म्हणजे फोन आला, पण गोळी गेली नाही. दुसरी म्हणजे गोळी गेली, पण फोन आला नाही. पहिल्या चुकीची भीती सगळ्या कार्यक्रमांना असते, कारण तिच्यात रुग्ण आपल्याला फसवतो आहे असं चित्र दडलेलं असतं. पाकिटात नंबर लपवायची सगळी हुशारी त्या भीतीसाठीच खर्ची पडली होती. दुसऱ्या चुकीकडे तेवढं लक्ष कोणी दिलं नव्हतं. गोळी मुकाट्याने गिळणारा आणि फोन मात्र न करणारा माणूस यंत्रणेच्या कल्पनेतच नव्हता. आणि दारोदार फिरल्यावर असे रुग्ण चांगल्या संख्येने भेटले.

रुग्णांच्या मनाचा अभ्यास खरा इथून सुरू होतो. ही माणसं उपचाराच्या विरोधात नव्हती, गोळ्या तर घेतच होती. त्यांनी नाकारला होता तो फोन. का नाकारला?

एक चित्र डोळ्यांसमोर आणून बघू. ही बाई कोणी खरी नाही, पण हिच्यातलं काहीच अशक्य नाही. समजा ती कुर्ल्याच्या एका खोलीत राहते. एचआयव्हीचं औषध आधीपासून चालू आहे, आता टीबी निघाला. नवऱ्याला एचआयव्हीचं माहीत आहे, सासूला फक्त टीबीचं. घरात फोन एकच, तो नवऱ्याचा, आणि तो सकाळी सातला कामावर निघतो. एआरटी सेंटरवर नंबर विचारला तेव्हा तिने तोच दिला, कारण दुसरा नव्हता. गोळ्या सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या आहेत. नवरा निघायच्या आत घेतल्या तर फोन हाताशी असतो. पण त्याच वेळी पाणी भरायचं असतं, डबा करायचा असतो, मुलांना शाळेला तयार करायचं असतं. गोळ्या ती घेते, साडेसातला, सगळे गेल्यावर. लघवी लाल होते तेव्हा औषध अंगात गेल्याचं तिला स्वतःला दिसतं. रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध घेणाऱ्या प्रत्येकाला ही खूण माहीत असते. संध्याकाळी नवरा येतो तोवर पाकिटातला नंबर, चौकोन, सगळं ती विसरलेली असते. शेजारणीचा फोन मागावा तर ती विचारणार, कोणाला लावतेस? आणि मागितला तरी उपयोग नाही, कारण तो नंबर यंत्रणेत नोंदवलेला नाही. पडद्यावर तिचा आठवडा लाल दिसतो.

तिला कोणी विचारलं, की मोबाइलवरच्या या पद्धतीबद्दल तुमचं मत काय, तर ती म्हणेल, चांगली आहे. केंद्रावर रोज यावं लागत नाही, ते बरंच आहे. तिचं मत चांगलं आहे आणि तिचा चौकोन लाल आहे, आणि दोन्ही खरं आहे. मत विचारणाऱ्या प्रश्नावल्यांवर माझा फारसा विश्वास नाही, त्याचं कारण हेच.

फोन तिचा नाही, ही गोष्ट अपवादातली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या बायकांचं देशातलं प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे ज्या नंबरला यंत्रणा रुग्ण समजते, तो घराघरांत नवऱ्याचा, मुलाचा किंवा दिराचा नंबर असतो.

मुलाखतींत काय आलं

याच गटाने चेन्नई आणि मुंबईतल्या रुग्णांशी आणि आरोग्य कर्मचाऱ्यांशी सविस्तर बोलून दुसरा अभ्यास केला. तोही २०२०चाच. लघवीच्या बाटलीने चूक किती ते सांगितलं होतं, या मुलाखतींनी ती का होते ते सांगितलं. मला हा अभ्यास पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो, कारण त्यात रुग्ण एकसारखे दिसत नाहीत. काहींना ही पद्धत मनापासून आवडली होती, काहींच्या आयुष्यात तिने काहीच भर घातली नव्हती, आणि काहींना ती नकोशी होती.

नकोशी वाटण्याची काही कारणं अपेक्षित होती: हाताशी फोन नसणं, रेंज नसणं, आकडे वाचायला किंवा फोन हाताळायला न जमणं. यांवर मी थांबत नाही. एवढंच सांगतो, की मुंबईचा रुग्ण कायम मुंबईत नसतो. गणपतीला तो कोकणात जातो, घराच्या पडवीत रेंज येत नाही, ती टेकडीवर येते. त्या दहा दिवसांत त्याने औषध सोडलं असं पडदा म्हणतो.

कलंकाचं कारण जास्त खोल आहे, आणि एचआयव्ही असलेल्यांत ते अधिक बोचतं. केंद्रावर जाणं टळलं म्हणून आजार झाकला गेला, असं वाटणारे होते. पण घरी आलेलं वेगळं दिसणारं पाकीट, रोज एका ठरावीक गोष्टीनंतर लावला जाणारा फोन, आठवण करून देणारा मेसेज आणि केंद्रावरून येणारा कॉल, या सगळ्यांनी आजार उघडा पडू शकतो अशी धास्तीही होती. घरात फोन सगळ्यांचा असला की मेसेजही सगळ्यांचा असतो. २०१८च्या सप्टेंबरमध्ये एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा अमलात आला. त्यात रुग्णाची एचआयव्हीविषयीची माहिती गुप्त ठेवायचं बंधन स्पष्ट लिहिलं आहे. कायदा संस्थांना बांधतो. नवऱ्याच्या हातातल्या फोनला तो बांधू शकत नाही.

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे प्रकरण लिहायला घेतलं. ज्यांना ९९डॉट्स आवडलं होतं त्यांच्या बोलण्यात तंत्राचं कौतुक कमी होतं. आपण फोन करतो ते कोणीतरी पाहतं, फोन चुकला तर केंद्रावरून विचारणा होते, आपली काळजी घेतली जाते, असं त्यांना वाटत होतं. उलट बाजूला असेही रुग्ण होते ज्यांना या पद्धतीत माणसांशी येणारा संबंध तुटल्यासारखा वाटला. डॉट्सच्या काळात निदान कोणी तरी समोर बसत होतं, ते आता नव्हतं. तोच नंबर, तीच गोळी, तोच कॉल. एकाला त्यात सोबत वाटली आणि दुसऱ्याला एकटेपण.

माझी मावशी गावी पोचली की एक रिंग द्यायची आणि फोन ठेवायची. आमच्याकडे तेव्हा कोणी तो उचलायचं नाही. एक रिंग म्हणजे पोचले. एखाद्या वेळी रिंग आली नाही तर आई रात्री नऊपर्यंत वाट पाहायची आणि मग स्वतः लावायची. मावशीने ही सवय इतकी वर्षं चुकवली नाही, कारण पलीकडे नऊ वाजता कोणी तरी अस्वस्थ होणार आहे हे तिला ठाऊक होतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही घराला ही भाषा शिकवावी लागणार नाही. ९९डॉट्सने याच भाषेतला अर्धा भाग उचलला, रिंग देण्याचा. नऊपर्यंत वाट पाहणारी व्यक्ती जिथे होती तिथे ते चाललं.

ती व्यक्ती असणं हे कर्मचाऱ्यांच्या हातात होतं, पण सगळं त्यांच्यावर ढकलणं अन्यायाचं होईल. एआरटी सेंटरवरच्या समुपदेशकाला किंवा टीबी हेल्थ व्हिजिटरला शेकडो रुग्ण. पडद्यावर दहा-बारा नावं लाल. त्यांतल्या कोणी खरोखर औषध सोडलं आहे आणि कोणाचं सिम बंद पडलं आहे, हे पडदा सांगत नाही. प्रत्येकाला फोन लावला आणि बहुतेकांनी "अहो, गोळ्या घेतल्यात, फक्त फोन राहिला" असं सांगितलं, तर चौथ्या-पाचव्या आठवड्यात तो कर्मचारी लाल रंगाकडे पाहणं सोडून देईल. मीही सोडलं असतं. मग ज्याने खरंच औषध सोडलं आहे त्यालाही फोन जाणार नाही. आणि रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर, फोन केला नाही तरी काही होत नाही हे एकदा कळलं की केल्यानेही काही होत नाही हे आपोआप कळतं. सहा महिन्यांच्या उपचारात १६८ डोस असतात. पहिल्या महिन्यातला उत्साह शेवटपर्यंत पुरायला पलीकडून काही तरी यावं लागतं.

यंत्रणेत एक सोय होती. कर्मचाऱ्याने रुग्णाशी बोलून डोस घेतल्याची खात्री केली तर तो हाताने नोंदवता येई. सोय माणुसकीची आहे, पण मोजमाप त्याने आणखी गढूळ होतं. रुग्ण "घेतली" म्हणतो आणि चौकोन भरला जातो. लघवीच्या तपासणीपुढे असे चौकोन किती टिकतील, हे वेगळं सांगायला नको.

शब्दांचा भार

रुग्णाच्या मनात फोनची जागा ठरते ती तो हातात येण्याच्या कितीतरी आधी. वर्षानुवर्षं औषध मध्येच थांबवणाऱ्याला आपल्याकडे "डिफॉल्टर" म्हटलं गेलं, बँकेचं कर्ज बुडवणाऱ्यासाठी वापरतात तोच शब्द. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३मध्ये तो शब्द अधिकृत व्याख्यांमधून काढला. केंद्रांवरच्या बोलण्यातून एखादा शब्द तेवढ्या पटकन जात नाही. ज्याला आधी एकदा डिफॉल्टर म्हणून ऐकवलं गेलं आहे, त्याच्या हातात पाकीट देऊन "रोज फोन करा, आम्हाला इथे सगळं दिसतं" असं सांगितलं, तर त्याला ते हजेरीपटासारखंच वाटणार. तेच पाकीट देताना "फोन आला नाही तर मला काळजी वाटेल, मी लावीन" असंही सांगता येतं. माझ्या मते रुग्णाचा पुढच्या सहा महिन्यांचा कल त्या पहिल्या दोन मिनिटांत बराचसा ठरतो, आणि या दोन मिनिटांची नोंद कुठेच होत नाही.

ही केवळ भारतातल्या गरीब रुग्णांची गोष्ट आहे असं कोणाला वाटत असेल तर अमेरिकेतला एक अनुभव सांगायला हवा. २०१५मध्ये ॲपलच्या रिसर्चकिटबरोबर पार्किन्सनसाठी एमपॉवर, हृदयासाठी मायहार्ट काउंट्स अशी संशोधनाची ॲप्स आली. घरबसल्या संमती द्या, फोन खिशात ठेवून चाला, पडद्यावर बोटं टेकवा, "आऽ" म्हणा, आणि संशोधनाचा भाग व्हा. एमपॉवरमध्ये आपली माहिती फक्त या एका संशोधक गटाला द्यायची की जगभरच्या पात्र संशोधकांना, हे सहभागींनी स्वतः निवडायचं होतं. आधीपासून खूण केलेला पर्याय ठेवला नव्हता. तीन-चतुर्थांशांहून जास्त लोकांनी जगभरच्या संशोधकांना माहिती द्यायला होकार दिला. लोकांचं मन किती मोठं असतं याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही.

पण टिकले किती? अशा आठ अभ्यासांतल्या १,०९,९१४ सहभागींची माहिती एकत्र करून २०२०मध्ये अभिषेक प्रताप आणि सहकाऱ्यांनी हिशोब मांडला. सहभाग टिकण्याचा मध्यक निघाला साडेपाच दिवस, म्हणजे निम्मे लोक तेवढ्यातच गळाले. ज्यांना तो आजार प्रत्यक्षात होता ते निरोगी लोकांपेक्षा सात दिवस जास्त टिकले. मोबदला मिळाला तिथे बावीस दिवसांची भर पडली. सगळ्यात मोठी भर मात्र पडली ती उपचार करणाऱ्या डॉक्टरने अभ्यासात पाठवलेल्यांत: चाळीस दिवस. महागडा फोन, वेगवान नेट, इंग्रजीचं ज्ञान, सगळं असलेल्या माणसांच्या बाबतीतही ओळखीच्या डॉक्टरचा एक शब्द पैशांपेक्षा जड ठरला. कुर्ल्याच्या खोलीतली बाई आणि कॅलिफोर्नियातला आयफोनवाला या एका बाबतीत शेजारी शेजारी बसतात.

मुंबईच्या फोनांचं पुढे काय झालं

मुंबईत ९९डॉट्सवर आलेल्या कॉलच्या नोंदी वाढत गेल्या. अमेरिकेतल्या संगणकशास्त्राच्या एका गटाने, जॅक्सन किलियन, मिलिंद तांबे आणि सहकाऱ्यांनी, एव्हरवेलबरोबर मुंबईतल्या जवळपास १७,००० रुग्णांच्या २१ लाख डोसच्या नोंदींवर काम केलं आणि २०१९मध्ये ते मांडलं. आठवड्यात चार किंवा त्याहून जास्त फोन चुकले की रुग्णाला "जास्त लक्ष" या गटात टाकायचं, असा तेव्हाचा साधा नियम होता. त्याऐवजी यंत्राला शिकवून, कोणाचे डोस पुढे चुकणार आहेत हे आधीच ओळखता येईल का, हा प्रश्न त्यांनी घेतला. त्यांच्या मांडणीनुसार जुन्या नियमापेक्षा २१ टक्के जास्त रुग्ण वेळेआधी हेरता येतील आणि ७६ टक्के जास्त चुकलेले डोस पकडता येतील.

काम हुशारीचं आहे, हेतूही चांगला आहे. पण आधीच्या बाटलीची आठवण ठेवून ते वाचलं की मन अडतं. तिथे चुकलेला डोस म्हणजे चुकलेला फोन. ज्या बाईने साडेसातला गोळी घेतली आणि जिचा फोन नवऱ्याबरोबर गेला, तिचा प्रत्येक दिवस त्या २१ लाखांत चुकलेला डोस म्हणून बसतो. यंत्र शिकतं ते काही अंशी औषध सोडण्याचं लक्षण आणि काही अंशी स्वतःचा फोन नसण्याचं लक्षण. दोन्हींना मदत लागते, हे खरं आहे. पण ती एकसारखी नाही. एकाला समुपदेशन हवं, दुसरीला बहुधा फक्त दुसरा नंबर जोडून हवा.

त्या गटाला आणखी एक अडचण आली होती, आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे मांडली. लाल आठवडा पाहून एखाद्या कर्मचाऱ्याने रुग्णाला फोन केला, घरी गेला, समजूत काढली, तर त्याची नोंद त्या माहितीत नव्हती. लाल नंतर हिरवा झाला एवढंच दिसत होतं. कोणाच्या बोलण्याने झाला, की नुसताच झाला, हे कळायला मार्ग नव्हता. त्यांना आडवाटेने अंदाज बांधावे लागले. मुलाखतींमध्ये रुग्ण ज्याला सगळ्यात जास्त महत्त्व देत होते, नेमकी तीच गोष्ट नोंदवहीत नव्हती.

संमतीचा प्रश्नही इथेच येतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की सहभागी माणसाला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी, आणि त्याने कधीही माघार घेतली तरी उपचारावर परिणाम होऊ नये. एखादा ठरावीक अभ्यास असतो तेव्हा हे पाळता येतं: कागद असतो, सही किंवा अंगठा असतो, न सांगता घरी येऊ का हे आधी विचारलेलं असतं. उपचाराचा भाग म्हणून केलेला फोन मात्र वर्षभराने, नाव काढून का होईना, संशोधनाची माहिती बनतो तेव्हा तो करणाऱ्याला हे कोणी सांगितलेलं असेल का? बहुतेक रुग्ण हरकत घेणार नाहीत असं मला वाटतं. एमपॉवरच्या सहभागींनी तेच दाखवलं. पण एमपॉवरमध्ये त्यांना विचारलं होतं.

युगांडात केलेली दुरुस्ती

हीच पद्धत युगांडात नेताना तिथल्या संशोधकांनी आधी रुग्णांबरोबर आणि परिचारिकांबरोबर बसून ती उकलली. पाकिटाचं रूप बदललं, ते औषधाचं पाकीट आहे हे चटकन ओळखू येऊ नये असं केलं. आणि फोन लावल्यावर नुसती रिंग ऐकू येण्याऐवजी तिथल्याच आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेले निरोप ऐकू येतील अशी व्यवस्था केली. ते निरोप बदलत राहत. फोन करणाऱ्याला काही तरी मिळायला हवं, ही गोष्ट तिथे आराखड्यातच घातली गेली.

त्यानंतर झालेल्या चाचणीत सगळ्या पात्र रुग्णांचा एकत्र विचार केला तर उपचार यशस्वी होण्यात ठळक फरक दिसला नाही. ज्यांना प्रत्यक्ष या पद्धतीवर घेतलं गेलं त्यांच्यात दिसला, पण पात्र असलेल्यांपैकी जेमतेम निम्म्यांनाच तसं घेतलं गेलं होतं. उरलेले निम्मे कोण, हा प्रश्न मला यशापेक्षा मोठा वाटतो. ज्याच्याकडे फोन आहे, ज्याला तो वापरता येतो, ज्याच्यावर कर्मचाऱ्याचा विश्वास बसतो, त्यालाच पाकीट मिळण्याची शक्यता जास्त. मग रुग्णांना ही पद्धत आवडते का, हे आपण कोणाला विचारत असतो? मुंबई-चेन्नईच्या अभ्यासालाही हा प्रश्न लागू होतो. न सांगता कोणी दारावर आलेलं ज्यांना अजिबात चालणार नाही, ते ५९७मध्ये असायची शक्यता कमी, आणि फोनची धास्तीही त्यांनाच सगळ्यात जास्त असणार.

रुग्णाच्या हातात फोन देऊन किंवा त्याचा फोन वापरून काही अभ्यासायचं असेल, तर नाव-वय-पत्ता विचारतानाच आणखी थोडं विचारून घ्यावं, असं हे प्रकरण वाचून माझं मत झालं आहे. हा फोन कोणाचा आहे? दिवसातल्या कोणत्या वेळी तो तुमच्याजवळ असतो? त्यावर आलेला मेसेज आणखी कोण वाचतं? आम्ही फोन केला आणि दुसऱ्या कोणी उचलला तर आम्ही कोण म्हणून सांगायचं? गावी गेलात तर कोणता नंबर? कागदाच्या खालच्या बाजूला एक ओळ कर्मचाऱ्यासाठीही असावी: या रुग्णाचा फोन आला नाही तर तो कोण लावणार आहे, त्याचं नाव आणि वेळ.

चौकोनाचा रंग कोणता ठेवायचा, हे त्यानंतर ठरवता येईल.